भिवराबाईंच्या हनुवटीवरचं गोंदण

१० नोव्हेंबर १९९७, सोमवार

बसवेशदादाशी कडाक्याचं भांडण! म्हणतो, "काळे-पांढरे रोल आता कावून आणायचे? सगळं कलरमधीच काढू. कुणाला काळा-पांढरा लागलाच, तर बीडची लॅब त्याच निगेटिव्हवरून करून देती."

मी म्हटलं, तो काळा-पांढरा नसतो, रंग गेलेला फोटो असतो! दादा हसला. केमिकलनं बोटांना इसब झाल्यापासून अप्पांनी डार्करूम माझ्यावर सोडलीय. पण आमच्या स्टुडिओत शब्द अजून दादाचाच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या वाडीच्या भिवराबाई आल्या. नव्या सरपंच — त्या वाडीतली पहिलीच बाई सरपंच! औरंगाबादच्या एका दैनिकाला त्यांचा काळा-पांढरा फोटो हवाय. दादानं पटकन कलरमध्ये काढला.

मग मी अप्पांचा जुना कॅमेरा घेतला. काळा-पांढरा रोल, लेन्सवर पिवळी काच — कातडी उजळ अन् निळं गडद यावं म्हणून.

"दोनदा कावून गं पोरी?"

"एक दादाचा, एक माझा. आवडंल तो पाठवा."

पदर सावरून ताठ बसल्या. डोळे थेट माझ्याकडं.

१४ नोव्हेंबर

रोल धुतला. हवं तसंच आलंय, पण आत्ताच कुणाला काही बोलायचं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दादाचा फोटो बीडहून काळा-पांढरा होऊन आला. भिवराबाईंपुढं दोन्ही ठेवले.

दादाचा — चेहरा काजळी धरल्यासारखा. कुंकू म्हणजे नुसता काळा डाग. हनुवटीवरचं निळं-हिरवं गोंदण कातडीत बुडालेलं, शोधून सापडंना. माझ्यात कातडी उजळ आणि गोंदणाचा ठिपका न् ठिपका वेगळा. सुरकुत्यासुद्धा!

त्यांनी दादाचा उचलला, लांब धरला. "ही कोण बाई? आईनं मांडीवर घेऊन गोंदवलंतं मला. ते कुठं गेलं?"

मग माझा घेतला. फोटोतल्या हनुवटीवरून बोट फिरवलं.

"ही मी हाय."

पाकिटात माझाच फोटो दादानं स्वतः घातला, बरं का! अप्पा येईल त्याला सांगत होते, "काढण्यापासून धुण्यापर्यंत सगळं पोरीचं." मी आत जाऊन धुतलेलेच ट्रे परत धुतले. तोंडावरचं हसू जाईना, काय करू?

२४ नोव्हेंबर, सोमवार

छापून आला! आतल्या पानावर, चार बोटं रुंद. पेपरच्या त्या भुरकट कागदावरही गोंदण दिसतंय.

खाली मात्र — छाया : अण्णाराव, पाटोदा. अप्पांचं नाव! मी म्हटलं, असू द्या, स्टुडिओ तुमचाच हाय.

अप्पा चिडले. "न्हाई. म्या हात बी लावला न्हाई." लगेच दैनिकाला पत्र लिहायला बसले. मला वाचू दिलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

दैनिकाचं उत्तर आलं. अप्पांनी नुसती नावाची चूक कळवली नव्हती. "तुमच्याकडं फोटोला माणूस लागत असेल तर माझ्या मुलीला, शिवांजलीला, बघा," असंही लिहिलं होतं.

उत्तर एका ओळीचं — सोमवारी शिवांजलीला कॅमेऱ्यासह रुजू व्हायला पाठवा.