कच्च्या टाक्याचं पान

थोरल्या, तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? भाषणांनी घसा बसला की गुळण्या करतोस ना? सूनबाई, जिना चढताना गुडघा अजून कुरकुरतो का? धाकटे, झोप लागते का गं? गोळी घेऊन लागलेली मी धरत नाही. आणि बटण्या, माझ्या नातवा, कानातून पाणी यायचं थांबलं का? तुरुंगाचा डॉक्टर कान बघतो की नुसता कागद बघतो, तेही कळव. माझं विचाराल तर माझ्यापेक्षा पोटातली गाठच धडधाकट आहे. डॉक्टर म्हणतात, हिवाळा निघेल कदाचित. त्या ‘कदाचित’वर विसंबून कसं चालेल, म्हणून आजच लिहायला बसले.

तर मी, शिलाईच्या दुकानाची मालकीण, विधवा, शाळा फारशी न पाहिलेली पण सुईत दोरा अजून बिनचष्म्याने ओवणारी, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाला न भिता आणि कुणाच्या लाडीगोडीला न भुलता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं. वकीलसाहेबांनी मसुदा करून दिला होता. त्यात इतके ‘सदरहू’ होते की मलाच मी सापडेना. म्हणून अस्तर त्यांचं ठेवलं आहे, कापड माझं.

कलम पहिले. घर. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे नळाचा ओटा. सगळं माझ्या कमाईचं. ते बटण्याला द्यावं. तो सुटून येईपर्यंत त्याच्या आईने, म्हणजे धाकटीने, वर राहावं. खालच्या पुढच्या खोलीत थोरल्याचं आमदार कार्यालय आहे, ते त्याने माझ्यामागे महिन्याभरात रिकामं करावं. खुर्च्या त्याच्या, त्याने न्याव्यात. भिंतीवरचं ‘घरचा असो वा दारचा, कायदा एकच’ हे पोस्टर खरवडून न्यावं. त्या ‘घरच्या’ने घरी येऊन ते वाचत बसावं, असं मला वाटत नाही.

कलम दुसरे. तिन्ही मशिनी, कात्र्या, कापायचं टेबल हे कटर मास्तरांना. माझ्यामागे हे मृत्युपत्र अंमलात आणायचं कामही त्यांचंच. माणूस तोंडाने फाटका आहे, पण कात्री कधी तिरकी गेली नाही.

मशिनींबद्दल थोडं लिहिते. सुधारगृहातल्या पोरांचे कपडे वर्षानुवर्षं आम्हीच शिवायचो. त्यात शिवणीला आतून भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवायची, म्हणजे पोर वाढलं की उसवून सदरा सैल करता येतो. मोठ्या तुरुंगाचे कपडेही आमच्याकडेच होते. तिथे माया नाही. ठरलेली मापं, आत आलेला माणूस वाढत नसतो असं धरून. थोरल्याचा कायदा झाला, सोळा वर्षांवरच्या पोरांना गंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखं धरायला लागले, आणि त्या ऑर्डरीत लहान मापाचे सदरे वाढायला लागले. कटर मास्तर म्हणाले, “बाई, तुरुंगात शाळा काढली की काय?” मी त्यांना गप्प बसवलं. तेव्हा अजून ती दुसऱ्यांची पोरं होती.

मग बटण्या आत गेला. पहिल्या वर्षातच त्याच्या बाह्या मनगटाच्या वर सरकल्या. त्याचा सदरा कोणता ते मला कळायचं नाही, म्हणून मी सगळ्याच लहान सदऱ्यांत माया ठेवायला लागले. तपासणीत एक उसवून बघितला. ‘सरकारी कापडाचा गैरवापर’ असा शेरा आला आणि काम गेलं. थोरल्या, तुझा एक फोन पुरला असता. तू म्हणालास, “आई, मी हस्तक्षेप करत नाही.”

कलम तिसरे. ट्रायलचा उभा आरसा थोरल्याला. जिथे तो भाषणं तयार करतो तिथे त्याने तो लावावा.

ह्याच आरशासमोर त्याने त्या कायद्याचं भाषण बसवलं होतं. बटण्या चौदाचा. गळ्यात मापाची टेप, टेबलावर मांडी घालून विरोधी पक्षनेता झालेला.

“अध्यक्ष महोदय,” थोरला आरशाला सांगायचा, “ज्या हाताला गुन्हा कळतो, त्या हाताला बेडीही कळली पाहिजे!”

“बसा खाली!” बटण्या टेबल बडवायचा. “सोळाचा पोरगा तुम्हाला मत द्यायला लहान, मग तुरुंगात जायला मोठा कसा हो? रात्रीत उंची वाढली का?”

मी काज करता करता हसले. थोरलाही हसला. “मामाला खिंडीत गाठतोस होय रे? थांब, तुला उत्तर देतो.” ते त्याने दिलं, सभागृहात. “काही जण विचारतील, मत द्यायला लहान तो शिक्षेला मोठा कसा? मत द्यायला अक्कल लागते महोदय, जीव घ्यायला लागत नाही.” बाकं वाजली. कायदा झाला. घरी येऊन मामाने भाच्याला शाईचं पेन दिलं. “तुझ्यामुळे टाळ्या पडल्या रे.” पुढे चौकीत जबाबावर सही करायची वेळ आली तेव्हा पोराच्या खिशात तेच पेन होतं.

कलम चौथे. इस्त्रीवालीला काहीही देऊ नये.

हे कंजूषपणाने लिहिलेलं नाही. गल्लीच्या तोंडाशी तिची टपरी. आमच्या दुकानाचे कपडे तिच्याच हाताखालून जायचे. तिचा मुलगा आणि बटण्या एका सायकलवर वाढले. त्या दिवशी नळापाशी चेष्टा चालली होती. तिचा म्हणाला, “आमदाराचा भाचा, आणि बाप बेपत्ता!” बटण्याने ढकललं. एकच धक्का. डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. बटण्यानेच त्याला उचलून गाडीत घातलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत पोर गेलं होतं. बटण्याला तेव्हा सोळा पुरी होऊन जेमतेम काही महिने झाले होते.

जुन्या कायद्याने तो सुधारगृहात गेला असता आणि यंदा घरी असता. नव्या कायद्यातही न्यायाधीशांना त्याला तिकडे पाठवता येत होतं. पण कोर्टाच्या पायऱ्यांवर पत्रकारांनी थोरल्याला विचारलं, आणि हा म्हणाला, “माझा भाचा आहे म्हणून काडीची सवलत नको. घरचा असो वा दारचा, कायदा एकच.” सरकारी वकिलाने ते आत वाचून दाखवलं. धाकटी माझ्या शेजारी बसली होती. तिने भावाकडे वळूनही पाहिलं नाही, नुसती माझा पदर गच्च धरून बसली. त्याच वाक्याचं पुढे पोस्टर झालं आणि थोरला दणक्यात निवडून आला.

इस्त्रीवालीकडे मी गेले होते. ती म्हणाली, “तुमचा परत येईल, आजी. माझ्याजवळ माझ्या पोराची इस्त्री केलेली पँट आहे.” तिला काही देऊ केलं तर तिच्या मुलाची किंमत केल्यासारखं होईल. आणि ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलसाहेब म्हणतात. मला ती साक्षीला हवी आहे.

कलम पाचवे. बँकेत आहे ते बटण्याच्या कानासाठी. उरलं तर धाकटीने एकदा चांगल्या गादीवर झोपावं.

कलम सहावे. मी गेल्याची बातमी बटण्याला थोरल्याने स्वतः जाऊन सांगावी. निरोप चालणार नाही, फोन चालणार नाही. इतकी वर्षं तो एकदाही भेटीला गेला नाही, म्हणून वाट सांगून ठेवते. भेटीच्या खिडकीशी पोराच्या उजव्या बाजूला बसावं, डावा कान कामातून गेला आहे. तो कसा गेला हे त्यालाच विचारावं, आणि त्याचं सांगून होईपर्यंत उठू नये. मामा येऊन गेला, असं बटण्याच्या हातचं पत्र आल्याशिवाय कटर मास्तरांनी आरसा तर नाहीच, खुर्च्याही देऊ नयेत.

कलम सातवे. माझ्या देहाला थोरल्याने हात लावू नये. उचलणाऱ्यांत तो नसावा. फोटोवाले येतील, त्यांच्यादेखत त्याने रडू नये. कुठल्याही फलकावर मला त्याची आई म्हणू नये. ज्याने हात लावलेला मला चालला असता त्याला त्या दिवशी सोडणार नाहीत, कारण नव्या कायद्याने आत गेलेल्यांना मयतीची रजा नाही. तेही भाषण ह्याच आरशासमोर झालं होतं.

इथे थांबून सांगते. बाकीची पानं मी दुहेरी दोऱ्याने शिवली आहेत. हे सातव्या कलमाचं पान मात्र कच्च्या टाक्याने अडकवलं आहे. ते निघालं तरी बाकीच्या मृत्युपत्राला धक्का लागत नाही, हे वकीलसाहेबांनी बघून दिलं आहे.

कारण असं. आत दोन पोरं मेली, बोंबाबोंब झाली, आणि आता वय पुन्हा अठरावर न्यायचं विधेयक आलं आहे. समितीचा अध्यक्ष थोरलाच. पण त्यात लिहिलंय की हे यापुढच्या गुन्ह्यांनाच लागू. आत आहेत ते आतच. रविवारी तो आला तेव्हा मी म्हटलं, “एक ओळ घाल. आत असलेल्यांनाही लागू, एवढीच.”

“लोक म्हणतील भाच्यासाठी कायदा वाकवला.”

“भाच्याला आत टाकून निवडून आलास, तेव्हा काय म्हणाले लोक?”

“तुला राजकारण कळत नाही, आई.”

“नसेल कळत. चहा घे, गार होतोय.”

त्याने चहा घेतला. साखर कमी आहे म्हणाला.

साक्षीदार पहिले: माझे डॉक्टर. मी शुद्धीत असल्याची खात्री करून सही केली. नाडीही पाहिली, सवयीने.

साक्षीदार दुसरी: इस्त्रीवाली. सगळं वाचून दाखवल्यावर म्हणाली, “सही करते. पण मी माफ केलं असं कुठे घुसडलं नाही ना?”

“नाही गं.”

“मग द्या पेन. आणि सुटलाच, तर माझ्या टपरीवरून जाऊ नको म्हणावं.” तिने माझ्या आणि डॉक्टरांच्या समोर सही केली आणि कोळसे विझतील म्हणून निघून गेली.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
दिनांक: समिती बसायच्या आधीचा सोमवार. आकडे वकीलसाहेबांनी खाली घातले आहेत.
सही: शिलाईवाली, तुमची आई आणि आजी.

थोरल्या, ही प्रत मी जिवंतपणीच तुला पाठवते आहे. मृत्युपत्राला उत्तर द्यायची रीत नाही, तरी तू दे. ती ओळ विधेयकात गेली असेल तर तेवढंच लिही, मी माझ्या हाताने टाका ओढून ते पान काढीन. नसेल गेली, तर तसंही लिही, म्हणजे पक्की शिवण घालायला मला वेळ मिळेल. हात अजून चालतात. घसा सांभाळ. उत्तर लवकर लिही.