फोन धुतला गेला त्याची हकीकत

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (एरवी मी नुसता नमस्कार लिहितो, हे तुमच्या लक्षात येईलच. पण या खेपेला आडवं पडण्याचीच वेळ आहे.) गुडघा काय म्हणतोय? मामींचा खोकला थांबला का? इथे सगळे खुशाल, मी सोडून.

मामा, लॉन्ड्री टाकल्यापासून गिऱ्हाइकाचा खिसा तपासल्याशिवाय मी कपडा मशीनमध्ये टाकलेला नाही. चाव्या, चष्मे, एकदा तर कवळी काढून परत केलीय. पण परवा स्वतःची पँट टाकली, आणि स्वतःचा खिसा कोण तपासतो हो? फोन गरम पाण्यात गरगरला. बाहेर आला तो स्वच्छ, पण मेलेला. त्यातच आमचे बिटकॉइन, म्हणजे हिने लोकांचे कपडे शिवून जमवलेली सगळी पुंजी! सोमवारी तिच्या दुकानाच्या गाळ्याचे पैसे भरायचेत. तिला अजून पत्ता नाही. ती नुसतं "अहो" म्हणाली तरी मी टॉवेलांच्या ढिगाआड लपतो.

मोबाइलवाल्याकडे गेलो, तर तो म्हणे, "तुमचे ते बारा शब्द सांगा, मी काढून देतो." मी जी धूम ठोकली ती घरी येऊनच थांबलो. ते बारा शब्द म्हणजे बिटकॉइनच्या तिजोरीची किल्लीच; ज्याला ठाऊक, तो कुठल्याही फोनवर पैसे काढणार! म्हणून तर मी अक्कल चालवली होती: कागदावर काही नको, चार मला पाठ, चार हिला, चार तुम्हाला, म्हणजे एकट्याने कुणी पळायला नको. (पळणार कोण होतं, देव जाणे.) आता हिचे चार विचारावेत, तर "कशाला?" आलंच. भीतीने डोकं ठिकाणावर नाही. काल एका शर्टाला दोनदा स्टार्च केला, तो आता माणसाशिवाय उभा राहतो.

आपला घाबरलेला भाचा

ता. क. तुमचे चार शब्द क्रमाने लिहून पाठवा. फोन नको, लॉन्ड्रीचा फोन हीच उचलते.

ता. क. पुन्हा. खरं काम हे: हिचे चारही तुम्हीच गोड बोलून काढा. तुम्हाला ती नाही म्हणत नाही.

ता. क. (भाचेसुनेकडून) मामा, नमस्कार. हे पत्र इस्त्रीच्या टेबलावर उघडं टाकून आमचे हे कपडे पोचवायला गेलेत; ते यायच्या आत मीच पाकीट बंद करून टपालात टाकते. टॉवेलात गुंडाळून लपवलेला फोन मला परवाच सापडला. तुम्ही काल फोनवर सांगितलेले चार शब्द बरोबर निघाले. यांचे चार तर हे इस्त्री करताना दिवसभर पुटपुटत असतात. माझे चार धरून बारा झाले, पैसे माझ्या फोनवर आले, गाळाही घेतला. आता हे आपल्या तोंडाने कबूल करेपर्यंत मी गप्प. तुम्ही उलट टपाली एवढंच लिहा: "कसले शब्द?"