देठ तोडला म्हणून वेल मरत नाही

दिंडोरी, २१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वत्सलेस,
अ. आ. नंतर, आधी राग घे.

दोन पानं पापड, लोणचं अन् तुझ्या भिकनरावांची रेल्वेतली बदली. अन् अगदी तळाला, जागा उरली म्हणून लिहावं तसं, डाव्या छातीत बोराएवढी गाठ! दोन महिने झाले म्हणे. मी बहीण आहे का पोस्टाची पेटी? डॉक्टरीण तुकडा काढून तपासू म्हणते, अन् तू नाय म्हणतेस, कारण शेजारच्या मंगलाबाईनं सांगितलं की सुई लागली की गाठ पसरते. मंगलाबाई कधी डॉक्टर झाली?

अगं, आम्ही दरसाल द्राक्षाच्या पानांचे देठ तोडून लॅबला देतो. देठ तोडला म्हणून वेल मेला का? न तपासता औषध मारलं की मात्र बाग जळते, तुझ्या दाजींना विचार. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, सारी रेल्वे चाळ ऐकेल. मंगळवारी नाशिकरोडला उतर. मी स्टेशनावर उभी आहे.

तुझी आक्का, कुसाबाई

मनमाड, १ डिसेंबर

ती. आक्कास,
सा. न.

रडत आले अन् हसत गेले. आधी बधिर केलं, मग ती सुई टक् वाजली, अन् बाटलीत शेवयांसारखे चार धागे. काही दुखलं नाही. पण तू बाटली द्राक्षासारखी बर्फात ठेवायला निघालीस तेव्हा नर्स केवढी ओरडली! मग तू लॅबच्या खिडकीवर फॉर्म भरलास, चार दिवसांत कळेल म्हणालीस. आज पाचवा. भाकरी थापताना हात थांबतो. माघात आमच्या स्नेहलचा साखरपुडा आहे गं आक्का. मी असेन ना?

तुझी वत्सला

दिंडोरी, ७ डिसेंबर

वत्सले,
आशीर्वाद, अन् आधी खाली बस.

साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. लॅबच्या मोहिनी डॉक्टरांनी तुकडा दुर्बिणीखाली पाहिला. मी तीनदा विचारलं, चौथ्यांदा त्या हसल्या.

उशीर माझ्यापायी झाला. दरसाल देठांचा फॉर्म भरते, तोच हात चालला. नाव कुसाबाई, फोन नंबर पोराचा, पत्त्याच्या जागी शेताचा गट नंबर! बाटलीवर वत्सला, फॉर्मवर कुसाबाई, म्हणून लॅबनं रिपोर्ट धरून ठेवला अन् फोन केला तो आमच्या ललितला. पोरगं घाबरलं, बापाला सांगितलं की आईच्या छातीत गाठ आहे. मला पत्ताच नाही. दोन दिवस तुझ्या दाजींनी स्वतः चहा केला, माझ्या हातातली पाटी घेतली, अळणी भाजीला लय भारी म्हणाले. मला वाटलं माणसालाच काही झालं! शेवटी ललितला दरडावलं तेव्हा कळलं. लगोलग लॅबला जाऊन नाव दुरुस्त केलं. घरी सांगितलं तर ह्यांनी आधी डोळे पुसले, मग चहा मागितला. तुझं गुपित ते फोडणार नाहीत, मी बजावलंय.

आता ऐक. डॉक्टरीण म्हणते, सहा महिन्यांनी परत दाखवायची, चुकवायची नाय. माघात नाच, जूनमध्ये नाशिकला ये. येते असं पुढच्या शनिवारपर्यंत लिहून पाठव. नाही आलं तर रविवारी सकाळी फोन करीन, अन् स्पीकर बंद कर म्हणणार नाही.

लोभ आहेच, वाढवायचा का ते तुझ्या उत्तरावर.

आक्का