गिअर ऑइलमध्ये दोन झाकणं स्टिकर

मखमलाबाद, नाशिक
कोजागरीनंतरचा मंगळवार

आदरणीय मेहुणे वाल्मीकराव यांना सावळीरामचा मनापासून रामराम. घरातल्या थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तुमच्या पैठणीच्या मागाला लांबूनच हात जोडतो (जवळ आलो की तुम्ही म्हणता, पाव्हणे, जरीला घाम लागतो). सासूबाईंचा डोळा कसा आहे? पट्टी निघाली का? थेंब घालायला छाया आहे म्हणजे काळजी नाही. ती घड्याळ बघून थेंब घालते आणि घड्याळ बघूनच रागावते. इकडे आम्ही सुखरूप आहोत. आम्ही म्हणजे मी, म्हैस आणि कुत्रा. गाडीबद्दल पुढे लिहितो.

आजच्या काळात पत्र कोण लिहितं, असं तुम्हाला वाटेल. फोनच करणार होतो. पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि त्या स्पीकरच्या अवतीभवती सध्या माझी बायको, म्हणजे तुमची बहीण छाया, असते. म्हणून हे पत्र घरी न धाडता तुमच्या मागाच्या शेडवर धाडलं आहे. दार लावून वाचा. हसू फुटलं आणि कुणी विचारलं, तर दोरा तुटला म्हणून सांगा.

छायाची पिकअप तुमच्या ओळखीची आहे. मालेगावला जाऊन जुनी घेतली तेव्हा तुम्हीच सोबत होतात. चारही चाकांना जोर देणारी ती गाडी हाताशी होती, म्हणूनच छायाने यंदा डोंगराकडच्या वावरात झेंडू लावला. (मी तिथेही द्राक्षंच लावू म्हणत होतो. तिने माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि झेंडू लावला.) फुलं अशी आली आहेत की बांधावरून बघताना डोळे दिपतात. लक्ष्मीपूजनाच्या आधी ती नाशिकच्या फुलबाजारात पोहोचली तर तिच्या वर्षभराच्या कष्टाचं चीज होईल; एक दिवस उशीर झाला तर म्हशीपुढे टाकायची. परतीच्या पावसाने त्या वावराला जाणारी ओहोळाची वाट म्हणजे नुसता राडा झाला आहे, आणि त्या राड्यातून फक्त ती एकच गाडी वर चढते. बाजारात मला लोक 'छायाताईंचे मिस्टर' म्हणून हाक मारतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. (थोडं वाटतं.) म्हणून ती तुमच्याकडे येवल्याला निघाली तेव्हा मी मनाशी ठरवलं, की ती परत येईपर्यंत गाडीचं गिअर ऑइल बदलून ठेवायचं. ती बसेल, गिअर टाकेल, तो लोण्यासारखा पडेल, आणि ती म्हणेल, अहो, हे कुणी केलं? वाल्मीकराव, तेवढं एक वाक्य ऐकायला मिळावं म्हणून पुढचं सगळं रामायण घडलं.

माझी समजूत अशी होती, की ऑइल म्हणजे ऑइल. आमच्या शेजारचे कोंडाजीतात्या (पूर्वी एसटीत ड्रायव्हर होते, आता ओट्यावर बसून सगळ्या गावाच्या गाड्या चालवतात) म्हणाले, ‘नव्वद नंबर टाक अन् मोकळा हो.’ मी नव्वद नंबर घोकत नाशकात द्वारका चौकातल्या ऑइलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कुठे टाकायचंय? मी म्हटलं, गाडीत. मग त्याने समजावलं, की अशा गाडीत ऑइल चार ठिकाणी लागतं: गिअरबॉक्स, पुढचा एक्सल, मागचा एक्सल, आणि पुढच्या चाकांना जोर वाटून देणारा मधला डबा. शिवाय नव्वद नंबरातही पुन्हा चार नंबरचं आणि पाच नंबरचं असतं, आणि कुठे कुठलं घालायचं ते गाडीवाल्याला माहीत पाहिजे. गाडीवाली येवल्याला होती. मी सगळीकडे घालायला पाच नंबरचं घेतलं. चारपेक्षा पाच मोठं, आणि बायकोच्या गाडीला हलकं कशाला घालायचं?

घरी येऊन डब्याचं झाकण उघडलं आणि माझं मन भरून आलं, कारण आतून गंधकाचा वास येत होता. तुम्ही विणकर माणसं, तुम्हाला सांगून कळायचं नाही. द्राक्षाच्या वेलीवर भुरी पडली की आम्ही गंधक फवारतो. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या वासाने मला इतका धीर दिलेला नाही. म्हटलं, आपण बरोबर वाटेवर आहोत. इथेच थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण द्राक्षवाल्याचा हात एका औषधावर थांबत नाही. कुठल्याही फवारणीत शेवटी स्टिकर जातंच (स्टिकर म्हणजे औषध पानावर पसरावं आणि धरून राहावं म्हणून घालतात ते साबणासारखं पातळ). छाटणी झालेली, फवारण्या रोजच्या चाललेल्या, बाटली समोरच होती. माझ्या मनात आलं, गिअरचे दाते गरागरा फिरतात, त्यांच्यावरून ऑइल निसटत असणार, त्यालाही धरून राहायला काहीतरी नको का? दोन झाकणं गिअरबॉक्समध्ये, दोन मधल्या डब्यात. दोन्ही एक्सलनाही घालणार होतो, पण बाटली संपली. देव आहे.

दुसऱ्या दिवशी झेंडूला पाणी सोडायला म्हणून गाडी काढली. सपाटीवर ठीक चालली होती. ओहोळात उतरून चार चाकांचा दांडा ओढला, चढाला जोर दिला, आणि खालून फस्स असा आवाज सुरू झाला. दुसरा गिअर टाकायला गेलो तर अशी करकर ऐकू आली, की बांधावरचे बगळे उडाले. खाली वाकून बघतो तो गाडीच्या पोटाखालून पांढरा, पिवळा फेस भळाभळा बाहेर! वरच्या वावरात खुरपणाऱ्या बायका कामं टाकून काठाला आल्या. त्यांची मुकादम नवसाबाई कमरेवर हात ठेवून गंभीरपणे म्हणाली, ‘भाऊ, गाडी दात घासू ऱ्हायली का?’ त्यानंतर मला ट्रॅक्टर येईपर्यंत ओहोळाच्या मधोमध, तशा अवस्थेतल्या गाडीत, गाडीचा मालक असल्यासारखं बसून राहावं लागलं.

आडगाव नाक्यावर गेणूचं गॅरेज आहे, तिथे गाडी ओढत नेली. त्याने खालचा नट काढला आणि ऑइल परातीत घेतलं. वरचा फेस बसल्यावर त्यात बारीक सोनेरी चमक दिसायला लागली, अगदी तुमच्या जरीसारखी. मी आनंदाने म्हणालो, बघा, किती भारी ऑइल आहे. गेणू म्हणाला, ‘ती चमक ऑइलची नाय, भाऊ. गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांची हाय.’ पाच नंबरचं ऑइल एक्सलला चालतं, पण त्या पितळेला मानवत नाही, आणि वर फेस झाल्यामुळे सगळे दाते कोरडेच एकमेकांवर घासले गेले. ऑइलमध्ये फेस कशाचा, हे मात्र त्याला उलगडेना. मी सांगितलं. आधी तो हसला, मग माझा चेहरा बघून थांबला, आणि मग पुन्हा हसला. आता गाडी पोट उघडून गोणपाटावर पडली आहे आणि नव्या रिंगा यायच्या आहेत. गिअरबॉक्सला चार नंबरचं घालायचं हे ठरलं. अडलं आहे ते मधल्या डब्यापाशी. काही गाड्यांच्या मधल्या डब्याला गिअर ऑइल लागतं, काहींच्या डब्याला पातळ लाल ऑइल, आणि या जुन्या गाडीचा डबा मागच्या मालकाने बदललेला आहे. आधी आत काय होतं, असं गेणू विचारतो. आधीची चारही ऑइलं मी एकाच डब्यात काढली आणि वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना फासली. आता ते फक्त छाया सांगू शकते.

तेव्हा वाल्मीकराव, तेवढं तिच्याकडून काढून घ्या. तिला संशय येता कामा नये. जेवताना सहज विषय काढावा, म्हणजे आमटीवरचा तवंग बघून, छाये, यावरून आठवलं, तुझ्या गाडीच्या मधल्या डब्यात कुठलं ऑइल असतं गं, असं काहीतरी. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल. वहिनींना नमस्कार. मागावर बसताना पाठ जपत जा.

आपला,
सावळीराम

ता. क. खरी गोष्ट लिहायची राहिली. छाया शुक्रवारी निघायचं म्हणते, आणि गेणू म्हणतो वसुबारसेच्या आधी गाडी उभी राहत नाही. तर तिला तोवर तिकडेच थांबवून घ्या. सासूबाईंचा एक डोळा झालाच आहे, तर दुसराही लगे हात उरकता येईल का बघा. दोन्ही डोळे एका वेळी झालेले बरे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फाडलं. आत्ता नवसाबाई येऊन गेली. बोलता बोलता म्हणाली, ‘वैनीला म्या तं तव्हाच फोटू धाडला. फेसाचा.’ म्हणजे छायाला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे! रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. तिने न विचारताच मी सांगतो, गाडी एकदम मस्त आहे. त्यावर ती एवढंच म्हणते, बरं, जेवलात का? आणि मी फोन ठेवून स्वतःच्या हुशारीवर खूश व्हायचो. वाल्मीकराव, मला इतकी लाज वाटली, आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की अंगणातच बसून राहिलो. तर वरच्या सगळ्या विनंत्या रद्द. तिला थांबवू नका, आमटीचा विषय काढू नका, सासूबाईंचा डोळा डॉक्टर म्हणतील तेव्हाच करा. गाडी वेळेत झाली नाही तर फुलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन मी स्वतः ओहोळ उतरेन, नवसाबाईला तसं सांगून टाकलं आहे. हे पत्र छायाच्या हातात द्या. आणि तिला म्हणावं, आज फोन करशील तेव्हा जेवलात का विचारायच्या आधी त्याला एकदा चांगलं झापून काढ. त्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही.