चुलीत निघालेला किडा

उंद्री, मंगळवार

आदरणीय दादा,

धाकट्या बेबीचा जयभीम घ्या. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तेल चोळायचा कंटाळा करू नको म्हणा तिले. इकडे आम्ही मजेत, तूर फुलावर आहे. येत्या रविवारी तुम्ही तुमच्या भाचीले, आपल्या प्रतीक्षाले, पाहायले संग्रामपूरचे पाहुणे आणता, म्हणून घराले रंगही दिला. (हे सारं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मले बोलू देता कुठं? म्हणून लिहून राह्यली. शेजारचा युसूफभाई तिकडे बाजाराले येऊन राह्यला, त्याच्या हाती पत्र देते.)

तर आपल्या वावरामागचा नाला आठवते ना, पोळ्याले तुमची चप्पल रुतली होती तो? तिथं प्रतीक्षाच्या कॉलेजच्या मॅडम पोट्टेपोट्ट्या घेऊन दगड खणून राह्यल्या. त्या दगडात म्हणे कोट्यवधी वर्षांआधीची पानं अन् किडे दडून बसले आहेत. प्रतीक्षाले पानं पुष्कळ सापडली, किडा मात्र काही सापडेना. अन् अडलं होतं किड्यापाशीच, कारण मी तिले शब्द देऊन बसली होती: किडा सापडला तर मॅडमसंगं नागपूरले पुढं शिक, नाही तर रविवारी साडी नेसून मुकाट्यानं पाहुण्यांपुढं चहा आण. (सापडत नाही याची मले खात्रीच होती. तुरीतली जिवंत अळी आपल्याले दिसत नाही, हा तर कधीचा मेलेला!)

शनिवारी सहज पाहायले गेली, तर सारे जेवण म्हणून बिस्किटं खाऊन राह्यलेले. आपल्या वावरापाशी माणसं बिस्किटावर राहतात म्हटल्यावर उंद्रीत तोंड काय दाखवू? दुसऱ्या दिवशी तिथंच आरावर रोडगे भाजायचा बेत केला. गोवऱ्या, कणिक, वांगी, भाजी शिजवायचा पितळी गंज, सारं डोक्यावर वाहून नेलं. मंडळी वरच्या कडेले खणत होती. चुलीले दगड शोधले तर नाल्यातले सारे गोल. अन् एका ओल्या पोत्याखाली पाहते तर काय, चपटे, स्वच्छ दगड रचून ठेवलेले! कोण बाई एवढं गुणाचं लेकरू, आधीच सोय करून ठेवली, असं म्हणत मी तीन उचलले, गंज चढवला अन् जाळ घातला. भाजीले उकळी आली अन् फाट्! एक दगड उभा फाटला, गंज कलंडला, अर्धी भाजी नाल्यात.

सारे धावत आले. ते दगड म्हणे प्रतीक्षानंच खणून, न फोडता जपून ठेवले होते. "आई, काऊन केलं वं असं?" म्हणून पोट्टी रडायलेच लागली. दादा, पोरीचं नागपूर मीच चुलीत घातलं, असं वाटलं. रविवारची ती साडी डोळ्यापुढं आली, अन् खरं सांगते, मले काही ते बरं वाटलं नाही.

तेवढ्यात मॅडमनं चिमट्यानं तो फाटका दगड उचलला अन् फुंकर मारून डोळ्यापाशी नेला. आत किडा! पंखाच्या शिरा न् शिरा दिसत होत्या, पाठीवर थोडा वांग्याचा रस्सा. मग काय, जो तो नाचाले लागला. मॅडमनं मले आधी चांगलं झापलं, मग तूप मागून रोडगे खाल्ले. प्रतीक्षा तर असं हसली की बारावीच्या निकालालेही असं हसली नव्हती. मले लई आनंद झाला दादा, उगाच काय लपवू.

बाकी सारं ठीक. वहिनीले जयभीम सांगा अन् गुडघ्याचं कळवा.

तुमची,
बेबी

ता. क. – पाहुणे आणू नका. शब्द माझा, अन् किडाही माझ्याच चुलीत निघाला, आता कोणत्या तोंडानं फिरू? तुम्हाले कमीपणा येईल हे कळते मले. बहीण येडी आहे म्हणून सांगा, मी काही रागावत नाही.

ता. ता. क. – अन् आणलेच, तर घरी नको, सरळ नाल्यावर आणा. प्रतीक्षा तिथंच खणत असेल. पोराले जुने कपडे घालाले सांगा, अन् चहाचा थर्मास त्याच्याच हाती द्या.