केना जिंकला

अहो,

उद्या सकाळी फरशीवाला येणार आहे. अंगणातलं सगळं गवत खरवडून सिमेंटचे ब्लॉक बसवायचे, असं तुमच्या लेकाने पुण्याहून फोनवर ठरवून टाकलंय. मीही हो म्हणून बसले. पण तुमच्या लॉनचा निकाल तुम्हाला न सांगता कसा लावू? म्हणून लिहायला घेतलं.

लॉन म्हणण्यासारखं आता काही उरलेलं नाही. तुम्ही गेल्यापासून मी खुरपीला हात लावला नाही. पावसात केन्याचं तण माजलं, एकदांडी फाटकापर्यंत गेली. सकाळी दार उघडलं की निळी-पिवळी फुलंच फुलं. मला हेच हवं होतं ना? इतकी वर्षं तुमच्याशी त्यावरूनच तर भांडले.

काय तुमचा हट्ट तरी! धुळ्याचं ऊन, नळाला पाण्याची मारामार, आणि यांना साहेबाच्या बंगल्यासारखी हिरवळ हवी. जळगावच्या ऑफिसातून निवृत्त होऊन आलात आणि रोज चहाच्या आधी पाट टाकून निंदायला बसायला लागलात. मी म्हणायचे, "राहू द्या की ती निळी फुलं, दुपारी आपोआप मिटतात." तुम्ही म्हणायचात, "आज अंगणात राहू दिलं, तर उद्या घरात येईल." आणि त्याच केन्याच्या पानांची भजी तळली की पहिली बशी तुमची. खुरपी बोटाला लागली तेव्हा एकदांडीचाच पाला चोळला होता मी. तेव्हा कसं काही बोलला नाहीत?

आता मी जिंकले, पण हरायला तुम्ही नाही. फार एकटं वाटतं हो. शेजारची मंगला काल कुंपणावरून म्हणाली, "अक्का, हाई बठ्ठं कोनासाठे ठेई राहिनी तू?" हे सगळं कोणासाठी ठेवतेय, तेच रात्रभर मनात घोळत राहिलं.

इथवर लिहिलं आणि अंगणातली तुमची खुर्ची आत घ्यायला उठले. उद्या मोडायला नको. खुर्चीपाशी केना बाजूला केला, तर खाली तुमची हिरवळ अजून जिवंत होती, ताटाएवढी. मी तिथेच बसले आणि दिसेनासं होईपर्यंत निंदत राहिले. तुमच्यासारखीच पुटपुटतही होते.

मग लेकाला फोन केला. ब्लॉक नकोत म्हटलं. तो म्हणाला, "अगं, त्या जंगलात तू एकटी कशी राहणार?"

"एकटी आहे म्हणूनच," म्हटलं.

तर ऐका. बाकीचं अंगण फुलांचं, त्यावर वाद नको. तुमच्या खुर्चीपुढचा तुकडा मात्र मी रोज सकाळी चहाच्या आधी निंदीन, शब्द देते. त्यात एक केना मुद्दाम सोडेन. तेवढ्यावरून तरी बोला माझ्याशी.

तुमचीच,
सुमन