कापडाच्या कात्रीबद्दलचं कलम

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून निवृत्त, घरात थोरली म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणू शकेल अशी एकच बाई आहे, माझी धाकटी बहीण, आणि ती सध्या वरच्या मजल्यावर झोपली आहे.

१. बँकेतली शिल्लक आणि घरातला माझा हिस्सा, मागची खोली वगळून, भाच्याला, म्हणजे धाकटीच्या मुलाला. दर फोनवर तो "मावशी, मागच्या खोलीतला तो पसारा काढून टाक ना" एवढंच म्हणत आला आहे. तरीही त्यालाच. दुसरा आहे कोण!

२. ड्रिल मशीन सुताराला. का, ते कलम चारमध्ये येईल. त्याने मशीन घ्यावं आणि मला माफ करावं.

३. शेजारच्या मास्तरांना काहीही देऊ नये. उलट त्यांनी नेलेला मल्टीमीटर परत आणावा. "आणून देतो, आणून देतो" ऐकून माझे कान किटले आहेत.

४. मागची खोली, टेबल, सोल्डरिंगचं सगळं सामान आणि भिंतीवरचं कापडी गाव धाकटीला. हे गाव आम्ही दोघींनी करायला घेतलं. घरं ती शिवायची, खिडक्यांतले दिवे मी जोडायचे. चाळीस घरं ठरली होती. तेविसावर गाडं अडलं, त्याला सहा वर्षं झाली. आम्ही एकत्र जेवतो, दवाखान्यात एकत्र जातो, पण ती या खोलीत पाऊल टाकत नाही. चोविसावं घर मी स्वतः शिवून पाहिलं. ते घर कमी आणि उशीचा फाटका अभ्रा जास्त दिसतं.

कारण कात्री. तिची कापडाची कात्री, ज्या कात्रीने तिने कधी कागदसुद्धा कापला नाही. एके दिवशी तिच्या पात्याला दोन खाचा दिसल्या. मी म्हटलं, फळ्या ठोकायला आलेल्या सुताराने काहीतरी कापलं असेल.

"सुताराकडे स्वतःची पक्कड असते," ती म्हणाली. "कबूल कर, मग येते."

"काय कबूल करू?" मी म्हटलं. झालं, संपलं! सुताराला मात्र तेव्हापासून आमच्याकडचं काम बंद, कारण त्याच्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटते.

तर लिहून देते. तांब्याची तार त्या कात्रीने मीच कापली. पक्कड टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि मला उठायचा कंटाळा आला. एवढंच! पण बाईने किती ताणावं? सहा वर्षं? मी तरी कुठे कमी ताणलं म्हणा. तिच्याशिवाय माझ्याने काम होत नाही. एक दिवाही धड लागत नाही. हे तोंडाने सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं.

५. मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा वाटा जातो. वर म्हणाल्या, "आणि हे तुम्ही गेल्यावरच वाचलं जाईल, बरं का." म्हणजे मी कबूल करून मोकळी, आणि धाकटीला मला चार शब्द सुनावायलाही मिळणार नाहीत! हे काही मला पटेना. घरी आले आणि कागद वर नेऊन तिच्या हातात दिला.

तिने दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"मला खोली नको. खोड ते."

मी म्हटलं, "अगं, अजून एवढा राग?"

"राग गेला चुलीत! खोली घेतली तर मला सही करता येणार नाही. तू कबूल केलंस याची साक्षीदार मीच होणार. दुसरं कोणी नाही."

काय म्हणावं या बाईला! सबब, कलम चारमधली खोलीची वाटणी रद्द, कबुली कायम. खोली, सामान आणि कापडी गावही आता भाच्याकडे जाईल. परंतु आम्हा दोघींपैकी एक जरी हयात असेल तरी त्याने तिथल्या एका स्क्रूलाही हात लावू नये.

ठिकाण: मागची खोली. दोघी हजर.
दिनांक: चौदा मार्च.

सही: थोरली

साक्षीदार पहिली: वकीलबाई

साक्षीदार दुसरी: धाकटी. वाचलं. कबुली खरी आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.